प्रस्तावना: स्वादुपिंडाचे रूप आणि त्याचे काम

पोटाच्या एमआरआयचा अहवाल उघडला, की स्वादुपिंडाविषयी बहुतेक वेळा एकच ओळ भेटते: आकारमान आणि सिग्नल प्राकृत, मुख्य नलिका फुगलेली नाही. यकृतावर परिच्छेदभर मजकूर, पित्ताशयावर दोन-तीन वाक्ये, मूत्रपिंडांची मापे सेंटिमीटरमध्ये आणि स्वादुपिंडाला एक ओळ. ही ओळ चुकीची नसते. पण ती फक्त रूपाबद्दल बोलते. जेमतेम शंभर ग्रॅम वजनाचा हा अवयव दिवसाकाठी दीड लिटरच्या आसपास पाचक रस तयार करतो, जठरातून आलेले आम्ल शमवतो, पिष्ट, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ पचवणारी विकरे पुरवतो आणि रक्तातली साखर ताब्यात ठेवतो. हे सारे काम कसे चालले आहे, याचा त्या ओळीत मागमूस नसतो. तो का नसतो आणि आता तो कसा येऊ शकतो, हा या ग्रंथाचा विषय आहे.

विषय रेडिओलॉजीचा असला, तरी त्याचे दार सर्वांना उघडे आहे. रोज मधुमेहाचे रुग्ण तपासणारे फिजिशियन, वारंवार उठणाऱ्या पोटदुखीचे मूळ शोधणारे पोटविकारतज्ज्ञ, स्वादुपिंडावर शस्त्रक्रिया करणारे सर्जन आणि काचेपलीकडच्या खोलीत बसून प्रत्यक्ष प्रतिमा घेणारे तंत्रज्ञ, या प्रत्येकाचा त्यात वाटा आहे. भौतिकशास्त्राच्या धास्तीने कोणी पान मिटू नये. सुरुवातीला लागते ते इतकेच: शरीरातल्या पाण्यात आणि चरबीत हायड्रोजनचे अणू असतात, चुंबकीय क्षेत्रात त्यांची केंद्रके एका दिशेला झुकतात, रेडिओलहरीने त्यांना ढळवले, की ती पूर्वस्थितीला येताना सिग्नल देतात. मूळ दिशेला परतायला लागणारा काळ तो टी-१. आपसातला मेळ सुटायला लागणारा काळ तो टी-२. मोकळ्या द्रवाचा टी-२ लांब असतो, घट्ट ऊतींचा आखूड. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये या सिग्नलपासून चित्र बनवण्याची वाट दाखवली आणि २००३ चे नोबेल पारितोषिक त्यांना पीटर मॅन्सफिल्ड यांच्यासह मिळाले. बाकीचे भौतिकशास्त्र जिथे अडेल तिथे शिकता येते, आणि तसे शिकलेलेच टिकते.

स्वादुपिंड जाणून घेणे मुळात अवघड, कारण ते हाताला लागत नाही. जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला आडवे, उजवीकडे आद्यांत्राच्या वळणात डोके खुपसून आणि डावीकडे प्लीहेपर्यंत शेपूट नेऊन ते पडलेले असते. सोनोग्राफीत आतड्यातला वायू आड येतो. सुईने तुकडा काढायचा म्हटले तर दाह भडकण्याची भीती, म्हणून यकृतासारखी सर्रास बायोप्सी इथे होत नाही. शरीरशास्त्राने त्याची ओळख तुकड्यातुकड्यानेच करून घेतली. १६४२ मध्ये पाडुआत विर्सुंग यांनी शवविच्छेदनात त्याची मुख्य नलिका शोधली. १८६९ मध्ये बर्लिनमध्ये पॉल लँगरहॅन्स यांनी विद्यार्थिदशेतल्या प्रबंधात सूक्ष्मदर्शकाखाली वेगळ्या दिसणाऱ्या पेशीपुंजांची नोंद केली. ते पुंज कशासाठी आहेत हे त्यांना सांगता आले नाही. त्या पुंजांतून येणारे इन्शुलिन टोरांटोत १९२१ मध्ये वेगळे काढता आले.

या सगळ्यांत आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा प्रयोग १९०२ चा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या लहान आतड्याच्या एका वळणाचे सगळे मज्जातंतू तोडले आणि त्यात आम्ल सोडले. मज्जातंतूंचा संबंध तुटलेला असूनही स्वादुपिंडातून रस वाहू लागला. मग आतड्याचे अस्तर खरवडून, त्याचा अर्क करून तो शिरेत टोचला, तेव्हाही रस वाहिला. अस्तरातून रक्तात उतरणाऱ्या या द्रव्याला त्यांनी सिक्रेटिन म्हटले. ‘हॉर्मोन’ हा शब्द स्टार्लिंग यांनी त्यानंतर तीन वर्षांनी वापरात आणला. म्हणजे हॉर्मोनविज्ञानाचा उगम स्वादुपिंडाच्या रसापाशी आहे. तेच सिक्रेटिन, आता कृत्रिमरीत्या बनवलेले, आज एमआरआयच्या टेबलावर झोपलेल्या रुग्णाला टोचले जाते.

तिथे वळण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करावी, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. स्वादुपिंड हा एक अवयव असला तरी त्यात निरनिराळे कामकरी राहतात. विकरे बनवणाऱ्या असायनर पेशी, आणि अवयवाचा बहुतांश भाग त्यांचाच. पाणी आणि बायकार्बोनेट ओतणाऱ्या नलिकापेशी. इन्शुलिन, ग्लुकागॉन स्रवणारी लँगरहॅन्सची बेटे. ती संख्येने दहा लाखांच्या घरात, पण वस्तुमानाने जेमतेम एक ते दोन टक्के. यांच्या मधून धरून ठेवणारी संयोजी ऊती, चरबी, रक्तवाहिन्या. एमआरआयची कोणतीही एक प्रतिमा या सगळ्यांबद्दल एकदम बोलत नाही. म्हणून ‘स्वादुपिंडाचे काम बरे आहे का?’ हा प्रश्न फार ढोबळ आहे. समोरच्या प्रतिमेत कोणत्या पेशीची खबर आहे, हे विचारायला शिकणे म्हणजे या क्षेत्रात प्रवेश करणे, असे मी मानतो.

कामाची चाचणी पूर्वीही होती. आद्यांत्रात नळी उतरवायची, सिक्रेटिन द्यायचे, येणारा रस ठरावीक वेळाने गोळा करून त्यातले बायकार्बोनेट मोजायचे. ही चाचणी खरी, पण रुग्णाला नकोशी आणि मोजक्याच केंद्रांत होणारी. विष्ठेतले इलास्टेज मोजणे सोपे आहे, मात्र आजार सौम्य असताना त्यावर भिस्त ठेवता येत नाही. यामागे स्वादुपिंडाची अफाट राखीव ताकद आहे. डीमॅग्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले, की विकरांचे स्रवण नव्वद टक्क्यांहून अधिक घटेपर्यंत विष्ठेत चरबी दिसत नाही. रुग्ण तेलकट, तरंगणारा मळ होत असल्याची तक्रार घेऊन येतो तेव्हा नव्वद टक्के कारभार आटोपलेला असतो. रोगाची सुरुवात पकडायची, तर तक्रारीच्या कितीतरी आधी पाहावे लागते, आणि तेही नळी न घालता.

नलिकांचे चित्र घेण्याची सोय होती ती एंडोस्कोपीतून: पॅपिलातून बारीक नळी सारून रंगद्रव्य भरायचे आणि क्ष-किरणाने पाहायचे. ईआरसीपी नावाने ही पद्धत आजही उपचारासाठी अमूल्य आहे, पण केवळ निदानासाठी ती महाग पडते, कारण तिच्यामुळेच काही रुग्णांना स्वादुपिंडदाह होतो. १९९१ मध्ये वाल्नर आणि सहकाऱ्यांनी एमआरआयने पित्तनलिका दाखवली, तेव्हा रंगद्रव्याची गरजच उरली नाही. युक्ती टी-२ ची आहे. सिग्नल ऐकायला मुद्दाम उशीर केला, की घट्ट ऊतींचा सिग्नल तोवर विझलेला असतो आणि फक्त साचलेला द्रव उजळ राहतो. पित्ताशय, पित्तनलिका, दोन-तीन मिलिमीटरची स्वादुपिंडनलिका काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी दिसते. अडचण होते ती जठरात आणि आतड्यात आधीच असलेल्या पाण्याची. तेही तितकेच पांढरे दिसते आणि नलिकेवर येऊन पडते. त्यावर पुष्कळ विभागांत साधा अननसाचा रस प्यायला देतात. अननसात मँगॅनीज असते, मँगॅनीज पाण्याचा टी-२ आखूड करते आणि जठर काळे पडते. तपासणीआधी चार ते सहा तासांचा उपवास, मग पेलाभर रस, की नलिकेवरचा पडदा दूर होतो.

तरीही हे रूपच झाले. निवांत स्वादुपिंडाची नलिका इतकी बारीक असते, की शेपटाकडचा भाग पुष्कळदा दिसतही नाही. तो आक्रसला आहे की रिकामा आहे, हे ठरवता येत नाही. नळाला पाणी सुटल्याशिवाय पाइप कुठे तुंबला आहे ते कळत नाही, तसेच हे. १९९७ मध्ये ब्रसेल्सच्या मातोस आणि सहकाऱ्यांनी सिक्रेटिन देऊन लागोपाठ प्रतिमा घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि नलिकेच्या चित्राला काळाची जोड मिळाली.

ही तपासणी नीट पाहण्यासारखी असते. रुग्ण उताणा, पोटावर कॉइल, शिरेत सुई. आधी एक पायाभूत प्रतिमा. मग सिक्रेटिन, सर्वसाधारणपणे किलोमागे ०.२ मायक्रोग्रॅम, एका मिनिटात सावकाश. घाईने दिले तर चेहरा लाल होतो, क्वचित मळमळते. त्यानंतर दर अर्ध्या मिनिटाला ‘श्वास सोडा, रोखून धरा’ आणि एक जाड छेदाची प्रतिमा. असे दहा मिनिटे. पहिल्या मिनिटात काहीच घडत नाहीसे वाटते. मग नलिकेची रेघ ठसठशीत होऊ लागते, न दिसणारे शेपूट उमटते. रस वाढतो आहे आणि मुखाशी असलेल्या ओड्डीच्या स्नायूचा ताणही त्याच वेळी वाढलेला आहे, म्हणून तीन ते पाच मिनिटांच्या सुमारास नलिका सर्वांत रुंद होते. मग स्नायू सैल पडतो, आद्यांत्राच्या कमानीत पांढरा द्रव उतरू लागतो, खालच्या वळणापर्यंत जातो, ते वळण ओलांडतो. दहाव्या मिनिटापर्यंत नलिका जवळपास पूर्वपदावर आलेली असते.

या दहा मिनिटांत वाचण्याजोगे खूप आहे. नलिका रुंदावलीच नाही, तर तिच्याभोवतीची ऊती तंतुमय होऊन ताठर झाल्याची शंका घ्यावी. रुंदावली आणि दहा मिनिटांनंतरही तशीच राहिली, तर मुखाशी अडथळा. कडेच्या बारीक शाखा उमटून दिसल्या, तर दीर्घकालीन दाहाची सुरुवात असू शकते. द्रव आद्यांत्राच्या सुरुवातीच्या फुगीर भागातच थांबला तर पहिली श्रेणी, खालच्या वळणापर्यंत पोचला तर दुसरी, वळण ओलांडले तर तिसरी. प्राकृत स्वादुपिंड तिसरी गाठते. शंभरातल्या पाच ते दहा माणसांत गर्भावस्थेतल्या दोन कळ्यांच्या नलिका जोडल्याच जात नाहीत आणि बहुतेक रस धाकट्या पॅपिलातून येतो. ती रचना सिक्रेटिननंतर डोळ्यांसमोर उलगडते. गंभीर दाहात नलिका मधेच तुटून शेपटाचा भाग पोरका झाला असेल, तर त्याचा रस कुठे साचतो तेही दिसते.

इथेच थांबून आपला प्रश्न विचारायचा: ही खबर कोणाची? सिक्रेटिन मुख्यत्वे नलिकापेशींना हलवते. त्या पाणी आणि बायकार्बोनेट सोडतात. विकरे सोडवणारे हॉर्मोन वेगळे, कोलेसिस्टोकायनिन. म्हणजे आद्यांत्र भरभरून भरले, तरी त्या पाण्यात बायकार्बोनेट किती आणि लायपेज किती, हे प्रतिमा सांगत नाही. ती फक्त द्रव मोजते. तिसरी श्रेणी दिसली म्हणून ‘पचनक्रिया उत्तम’ असे लिहिणे म्हणजे नलिकापेशींचे प्रमाणपत्र असायनर पेशींना देण्यासारखे होईल. ही मर्यादा ओळखून वापरली तर तपासणी फार कामाची आहे. आपल्याकडची आणखी एक मर्यादा पैशाची: सिक्रेटिन महाग आहे आणि सर्वत्र सहज मिळत नाही. म्हणून जपानमधल्या संशोधकांनी शोधलेली वाट मला आशेची वाटते. नलिकेच्या एका अरुंद पट्ट्यातल्या द्रवाचा सिग्नल विशिष्ट पल्स देऊन पुसून टाकायचा आणि बाहेरून पांढरा रस त्या काळ्या पट्ट्यात किती वेळा आणि किती दूर शिरतो ते मोजत राहायचे. औषध नाही, सुई नाही. स्वादुपिंड आपल्या नैसर्गिक गतीने वाहताना दिसते.

असायनर पेशींची खबर हवी तर टी-१ कडे वळावे लागते. चरबीचा सिग्नल दाबून घेतलेल्या टी-१ प्रतिमेत निरोगी स्वादुपिंड पोटातल्या अवयवांत सर्वांत उजळ दिसते. कारण असायनर पेशी प्रथिने बनवण्यात गढलेल्या असतात. त्यांच्यातले पाणी त्या प्रथिनांच्या सान्निध्यात लवकर सावरते, टी-१ आखूड होतो. पेशी झिजल्या, त्यांच्या जागी तंतू आले, की उजळपणा मावळतो. हा बदल नलिका वेडीवाकडी होण्याच्या आधी दिसू शकतो, आणि त्यासाठी कोणतेही औषध लागत नाही. जुन्या अहवालांत ‘सिग्नल किंचित कमी’ असे शब्द असत. ते बघणाऱ्यागणिक बदलत. आता टी-१ नकाशात प्रत्येक बिंदूचा काळ मिलिसेकंदांत मिळतो. ३ टेस्लाच्या चुंबकावर सौम्य दीर्घकालीन स्वादुपिंडदाह वेगळा काढण्यासाठी ९०० मिलिसेकंदांच्या आसपासची सीमारेषा सुचवली गेली आहे. ती आधार म्हणून घ्यावी, निकाल म्हणून नाही. १.५ टेस्लावर हाच काळ आखूड येतो. शिवाय सूज आली तरी टी-१ लांबतो आणि वयानेही फरक पडतो. त्यामुळे चुंबकाची शक्ती न लिहिता नुसता आकडा देणे निरर्थक आहे.

तंतूंसाठी आणखी दोन उपाय आहेत. गॅडोलिनियम देण्याआधी आणि नंतर टी-१ मोजला, रक्तातल्या पेशींचे प्रमाण हिशेबात धरले, की पेशींबाहेरची जागा किती ते काढता येते. तंतू वाढले की ती वाढते. दुसरा उपाय इलास्टोग्राफीचा: पोटावर ठेवलेल्या पॅडमधून मंद कंपने सोडायची आणि ती ऊतींतून कशी धावतात यावरून ताठरपणा मोजायचा. यकृतात ही पद्धत रुळली आहे. स्वादुपिंड खोल आणि बारीक असल्यामुळे इथे जास्त सांभाळून मोजावे लागते. यांपैकी कशाचा भरवसा किती, हे ठरवायला लागणारा ऊतींचा तुकडा मिळत नाही, ही या क्षेत्राची जुनी अडचण. काही केंद्रांत असह्य वेदनांसाठी संपूर्ण स्वादुपिंड काढून त्यातली बेटे रुग्णाच्याच यकृतात सोडतात. अशा शस्त्रक्रियांत मिळालेल्या ऊतींशी आधीच्या एमआरआयची तुलना झाली आहे. अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या निधीतून २०१५ मध्ये उभ्या राहिलेल्या संशोधकसमूहाने ‘मिनिमॅप’ नावाचा बहुकेंद्री अभ्यास हाती घेतला, तो याचसाठी: वेगवेगळ्या यंत्रांवर, एकाच पद्धतीने, टी-१, चरबी आणि ताठरपणा मोजून पाहायचा. अशा कामाला झळाळी नसते, पण त्याच्याशिवाय कोणताही आकडा एका रुग्णालयाच्या भिंतीबाहेर जात नाही.

आता बेटांकडे. एक ते दोन टक्के वस्तुमानाचे हे पुंज इतके लहान, की नेहमीच्या एमआरआयमध्ये ते दिसूच शकत नाहीत. तरीही मधुमेहाने एमआरआयमध्ये आपली खूण सोडलेली आहे, आणि ती अनपेक्षित ठिकाणी. टाइप-१ मधुमेहात संपूर्ण स्वादुपिंड लहान असते. मरतात त्या बेटांतल्या, इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी. मग त्या गेल्याने सगळा अवयव आक्रसावा कसा? एक उत्तर असे, की बेटांतून निघणारे इन्शुलिनने भारलेले रक्त आधी शेजारच्या असायनर पेशींना मिळते आणि ते त्यांचे पोषण करते; बेटे उजाड झाली की शेजारही खंगतो. पण मधुमेह उमटण्याआधी, फक्त स्वप्रतिपिंडे आढळलेल्या व्यक्तींमध्येही स्वादुपिंड सरासरीने लहान आढळले आहे. तेव्हा हा रोग बीटा पेशींपुरताच आहे का, असा प्रश्न खुद्द मधुमेहतज्ज्ञांना पडला. नुसत्या आकारमानाच्या मोजणीने एवढा मोठा प्रश्न उभा करावा, हे मला या विषयातले फार सुंदर प्रकरण वाटते.

टाइप-२ मध्ये खबर चरबीची. पाण्यातल्या आणि चरबीतल्या हायड्रोजनच्या कंपनसंख्येत थोडा फरक असतो. त्यावरून ऊतीतल्या चरबीचे टक्के काढता येतात. न्यूकॅसलमध्ये रॉय टेलर यांच्या गटाने २०११ मध्ये अकरा मधुमेहींना आठ आठवडे अतिशय कमी उष्मांकांचा आहार दिला. स्वादुपिंडातली चरबी सरासरी ८ टक्क्यांवरून ६.२ वर आली आणि इन्शुलिनचा पहिला झपाट्याचा स्रावही परतला. पुढे ‘डायरेक्ट’ या मोठ्या चाचणीत वजन उतरवणाऱ्या गटातल्या ४६ टक्के लोकांचा मधुमेह वर्षभरात माघारी गेला. त्यातल्या एमआरआय झालेल्यांचा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला पाठपुरावा सांगतो, की मधुमेह माघारी गेलेल्यांचे स्वादुपिंड दोन वर्षांत वाढले आणि त्याची दंतुर कड गुळगुळीत होऊ लागली. एकदा खंगलेले स्वादुपिंड भरून येत नाही, ही समजूत या चित्रांनी सैल केली.

चरबी मोजताना मात्र हात राखून मोजावे. स्वादुपिंडाच्या खंडिकांच्या मधल्या भेगांत बाहेरची चरबी घुसलेली असते. मोजणीचे वर्तुळ जरा सरकले की टक्के दुप्पट होतात. ही मोजणी आपल्याकडे मनापासून व्हायला हवी, कारण भारतीयांत चरबीचा हिशेब बाहेरून लागत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे ‘लॅन्सेट’मध्ये २००४ साली आलेले छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल: दोघांचाही बीएमआय २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या मराठी माणसाच्या स्वादुपिंडात किती चरबी आहे, हे युरोपातल्या आकड्यांवरून ठरवता येणार नाही.

आपल्या देशाचा या अवयवाशी आणखी एक जुना आणि दुःखद संबंध आहे. इंडोनेशियात झुइडेमा यांनी १९५९ मध्ये वर्णिलेला एक आजार केरळात मोठ्या प्रमाणात आढळला: दारूला न शिवलेली, कृश, तरुण मुले, लहानपणापासून पोटदुखी, नलिकेत मोठाले खडे आणि मग मधुमेह. पी. जे. गीवर्गीस यांचा या आजारावरचा ग्रंथ १९६८ मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढला. टॅपिओकातल्या विषारी द्रव्यांवर दीर्घकाळ संशय होता. नंतर स्पिंक-१ या जनुकातल्या बदलांचा संबंध पुढे आला. या रुग्णांसाठी एमआरआय एकटा पुरत नाही, हे स्वच्छ सांगायला हवे. खड्यात हलते पाणी नसते, म्हणून तो नलिकेत काळी पोकळी होऊन दिसतो आणि ऊतीतले बारीक चुनखडीचे ठिपके दिसतच नाहीत. तिथे सीटी स्कॅन सरस. पण त्याच कुटुंबातल्या, पोटात नुकते दुखू लागलेल्या धाकट्या भावाचे स्वादुपिंड पाहायचे असेल, तर टी-१ नकाशा आणि सिक्रेटिन यांना पर्याय नाही. किरणोत्सर्गाची चिंता नसल्यामुळे तेच परीक्षण वर्षानुवर्षे करता येते.

लोहाचीही अशीच गोष्ट. वारंवार रक्त घ्यावे लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलांत लोह यकृतात, स्वादुपिंडात आणि हृदयात साचते. लोहाने सिग्नल लवकर विझतो. तो किती लवकर विझतो यावरून साठा मोजतात. स्वादुपिंडात लोह हृदयाच्या आधी दिसू लागते, त्यामुळे तिथला आकडा हृदयासाठी आगाऊ इशारा ठरतो. उल्हासनगरच्या सिंधी वस्तीत हा आजार घरोघरी ठाऊक आहे. तिथल्या मुलांच्या तपासणीत हृदयाबरोबर स्वादुपिंडावरही दोन छेद घ्यावेत, वेळ फारसा जात नाही.

गाठी आणि कर्करोग यांवर स्वतंत्र ग्रंथ आहेत, म्हणून इथे थोडक्यात. नलिका एकाएकी तुटलेली आणि तिच्यामागचा भाग फुगलेला दिसला, की कर्करोग शोधलाच पाहिजे. स्वप्रतिकारजन्य दाहात पुष्कळदा नलिका त्या सुजलेल्या भागातून बारीक होऊन का होईना, पार जाते, आणि तेवढ्या फरकावर एखाद्या रुग्णाची मोठी शस्त्रक्रिया टळते. श्लेष्मा स्रवणाऱ्या गाठींत मुख्य नलिका १० मिलिमीटर किंवा अधिक रुंद झाली, तर धोका मोठा धरतात.

जे अजून माणसात रोजच्या वापराला आलेले नाही, त्याबद्दल एक उदाहरण देतो. बीटा पेशी इन्शुलिनबरोबर जस्त सोडतात. जस्ताशी जोडले गेल्यावर उजळणारे गॅडोलिनियमयुक्त द्रव्य टेक्सासमधल्या संशोधकांनी बनवले आणि २०११ मध्ये उंदरांत दाखवले, की ग्लुकोज दिल्यावर स्वादुपिंड उजळते. ज्या एक-दोन टक्क्यांची खबर आतापर्यंत फक्त रक्तचाचणीतून मिळत होती, ती जागेवर दिसण्याची ही सुरुवात आहे.

पुढची प्रकरणे क्रमानेच वाचली पाहिजेत असे नाही. ज्यांच्याकडे सिक्रेटिन नाही, त्यांनी टी-१ च्या प्रकरणापासून आरंभ करावा. त्यासाठी लागणाऱ्या प्रतिमा बहुतेक यंत्रांवर आजच घेता येतात. अहवाल लिहिताना नलिकेची रुंदी डोके, मध्य आणि शेपूट अशी तीन ठिकाणी द्यावी. सिक्रेटिन दिले असेल तर सर्वांत रुंद केव्हा झाली ते मिनिटांत आणि आद्यांत्राची श्रेणी लिहावी. टी-१ आणि चरबीचे टक्के यांच्याशेजारी चुंबकाची शक्ती आणि मोजणीची जागा नोंदवावी. रुग्ण वर्षाने परत येईल तेव्हा तपासणी शक्य तोवर त्याच यंत्रावर, तेवढ्याच उपवासानंतर व्हावी आणि मागचे आकडे समोर उघडे असावेत.